मरणापूर्वींची झोंप

मरणावर वाङ्मयांत जितकी शाई खर्च झाली आहे, तिचा शतांशही मरणापूर्वींच्या झोंपेच्या वांट्यास आलेला नाहीं. वस्तुतः रुग्णालयांत मरणाऱ्या कित्येक माणसांचे अखेरचे तास याच झोंपेंत जातात. मॉर्फीन वेदना शमवितें, मिडॅझोलॅम जाणीव मंद करतें. पण आप्तांच्या तोंडीं दोहोंस नांव एकच, 'झोंपेचें इंजेक्शन'. हें इंजेक्शन कोणाच्या सुखासाठीं द्यावयाचें, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. तीन लिखाणें शेजारीं शेजारीं ठेवून तो विचारण्याचें आम्हीं योजिलें आहे. पहिलें लिखाण एक कथा, दुसरें एका राजवैद्याचीं टिपणें, आणि तिसरें एका डॉक्टरानें आपल्या रुग्णाविषयीं लिहिलेला ग्रंथ.

टॉल्स्टॉयची 'इव्हान इलिचचा मृत्यू' ही कथा १८८६ सालची. तिच्यांतील न्यायाधीशास अफू देतात, मॉर्फीन टोंचतात. क्षणभर गुंगी येते व पुन्हां वेदना उसळते. त्याला खरा विसांवा मिळतो तो गेरासिम नांवाच्या खेडवळ नोकराकडून. धन्याचे पाय आपल्या खांद्यांवर घेऊन तो रात्र रात्र बसतो, आणि धनी मरणार आहे हें लपवीत नाहीं. घरचीं इतर माणसें मात्र 'आजार आहे, बरा होईल' हेंच पालुपद धरून बसलेलीं असतात. यावरून औषध निष्फळ व सहानुभूति हीच काय ती खरी, असें तात्पर्य काढण्याचा मोह वाचकास होतो. तें आम्हांस मान्य नाहीं. त्वचेखालीं औषध टोंचण्याची पिचकारी त्या वेळीं प्रचारांत येऊन तीसएक वर्षेंच झालीं होतीं. मॉर्फीन ठराविक वेळीं, वेदना उठण्यापूर्वींच द्यावयाचें, हा धडा सिसिली साँडर्स या विदुषीनें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत घालून दिला, आणि तिचें लंडनचें सेंट ख्रिस्तोफर रुग्णालय १९६७ सालीं उघडलें. इव्हान इलिचच्या तीन दिवसांच्या किंकाळ्यांत त्या काळच्या औषधविद्येचें अपुरेपणही आहे. कथेच्या शेवटीं जो प्रकाश पडावयाचा, त्यासाठीं कथाकाराला त्या किंकाळ्या हव्या होत्या. रुग्णाला त्या हव्या होत्या असें कोणी म्हणूं नये. तरीही टॉल्स्टॉयनें एक गोष्ट अचूक हेरली आहे. ज्या घरांत खोटें बोलणें चाललें आहे, तेथें औषधही त्या खोट्याचाच भाग होऊन बसतें.

दुसरें लिखाण इंग्लंडच्या राजवाड्यांतलें. पंचम जॉर्ज बादशहा २० जानेवारी १९३६ रोजीं सँड्रिंगहॅम येथें वारले. बादशहांचें आयुष्य शांतपणें समाप्तीकडे चाललें आहे, अशा आशयाचें पत्रक त्या सायंकाळीं लॉर्ड डॉसन या राजवैद्यानें जेवणाच्या यादीच्या कार्डावर लिहून काढलें. रात्रीं अकराच्या सुमारास त्यानेंच बादशहांच्या मानेच्या शिरेंत पाऊण ग्रेन मॉर्फीन व पाठोपाठ एक ग्रेन कोकेन टोंचलें. मध्यरात्रीस पांच मिनिटें कमी असतां बादशहांचा अंत झाला. हीं टिपणें जगापुढें आलीं तीं पन्नास वर्षांनीं, १९८६ सालीं. त्यांत शांत व प्रतिष्ठित अंताची चाड आहेच. पण बातमी सायंकाळच्या हलक्या पत्रांत न येतां सकाळच्या वृत्तपत्रांत प्रथम यावी, हेंही कारण त्यानें नमूद केलें आहे. डॉसनचें गद्य नेटकें आहे, आणि आम्हांस भय वाटलें तें त्या नेटकेपणाचेंच. बादशहा त्या वेळीं जवळजवळ शुद्धीवर नव्हते. त्यांना कोणी विचारलें नव्हतें. आणि वेदना शमविण्यास लागेल तेवढीच मात्रा मोजून देण्याचा तेथें प्रश्नही नव्हता. याला झोंप म्हणणें हा भाषेवर अन्याय आहे. त्याच वर्षींच्या डिसेंबरांत उमरावांच्या सभागृहापुढें ऐच्छिक मरणाचें विधेयक आलें, तेव्हां या बाबतींत कायदा नको, वैद्याच्या विवेकावर सोंपवावें, अशी भूमिका घेऊन डॉसननें त्यास विरोध केला! तो विवेक दहा महिन्यांपूर्वीं कसा चालला होता, याची वार्ता सभागृहांतल्या बहुतेकांस नव्हती.

मॅक्स शुर या डॉक्टरानें आपला रुग्ण फ्रॉइड याच्या जगण्यामरण्याविषयीं लिहिलेला ग्रंथ १९७२ सालीं प्रसिद्ध झाला. आमच्या मतें तिहींत अधिक मोलाचा हाच. फ्रॉइडला १९२३ सालीं तोंडाचा कर्करोग झाला, आणि पुढील सोळा वर्षांत तीसांवर शस्त्रक्रिया झाल्या. शुरनें त्याची प्रकृति हातीं घेतली तेव्हांच फ्रॉइडनें त्याच्याकडून वचन घेतलें कीं, वेळ येईल तेव्हां आपणांस विनाकारण तळमळत ठेवूं नये. नंतर वर्षानुवर्षें त्यानें गुंगी आणणारें औषध बहुधा नाकारलेंच. डोकें साफ असलें पाहिजे, हा त्याचा हट्ट. २१ सप्टेंबर १९३९ रोजीं लंडन येथें त्यानें त्या वचनाची आठवण दिली आणि मुलगी ॲना हिला सांगावयास सांगितलें. शुरनें मॉर्फीन दिलें, बारा तासांनीं पुन्हां दिलें; २३ तारखेस फ्रॉइड वारला. ग्रंथांत एक दोष आहे, तो लपवून चालणार नाहीं. छापील मात्रा व शुरच्या अप्रकाशित टिपणांतील मात्रा जुळत नाहींत. छापतांना ती कमी झाली, असें पीटर गे या चरित्रकारानें दाखविलें आहे. सत्य सांगण्याचें वचन पाळणाऱ्या डॉक्टरालाही कागदावर मात्रा उतरवावी लागली, यावरून कायद्याची सावली किती लांब पडते तें दिसतें.

आमच्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. गीतेच्या आठव्या अध्यायांत अंतकाळच्या स्मरणाचें महत्त्व सांगितलें आहे, आणि मुखीं नाम व तुळशीपत्र असतां शुद्धीवर जावें, ही इच्छा अजूनही कित्येक घरांत आहे. तिला भोळी समजूत म्हणून झिडकारणें योग्य नव्हे. निरीश्वरवादी फ्रॉइडची इच्छाही, कारणें निराळीं असलीं तरी, तीच होती. पण जो शुद्ध राखूं इच्छितो त्याची शुद्ध राखावी, आणि जो सोसूं शकत नाहीं त्यास झोंप द्यावी, हें ठरवावयाचें तर त्यालाच विचारलें पाहिजे. तसें होत नाहीं. धांपा टाकणारा बाप डोळ्यांसमोर नको म्हणून कोणी झोंपेची मागणी करतो. दुसरा, झोंपविलें म्हणजे मारलें, या भीतीनें नकार देतो. ही भीति बहुतांशीं निराधार आहे. लहान मात्रेनें आरंभ करून लक्षण शमेल तेवढीच वाढविलेली झोंप आयुष्य कमी करते, असें अभ्यासांच्या आढाव्यांत आढळलेलें नाहीं. आणि ती झोंप पुष्कळदां हलकीही करतां येते. अन्नपाणी बंद करावें कीं काय, हा स्वतंत्र प्रश्न आहे, आणि या दोहोंची गल्लत डॉक्टरही करतात. फ्रान्सनें तर १९१६ नव्हे, २०१६ सालीं कायदा करून असाध्य व्याधीनें मरणोन्मुख झालेल्या रुग्णास, ठरलेल्या अटींवर, अंतापर्यंतच्या गाढ झोंपेचा हक्क दिला. असें पाऊल टाकण्यास शंभर वर्षें उशीर झाला, असें आम्हांस वाटतें.

आपला देश अफूची कायदेशीर लागवड करणारा. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथें ती होते. तरीही १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें परवान्यांचें असें जाळें विणलें कीं, कर्करोगानें तळमळणाऱ्यास मॉर्फीनची गोळी दुर्मिळ झाली. २०१४ सालीं कायदा दुरुस्त झाला. पण गोळी अजून सर्वत्र पोंचलेली नाहीं. मुंबईत वांद्र्यास १९८६ सालीं शांति आवेदना सदन निघालें, त्यास अशा रुग्णांचा आश्रय म्हणून देशांत पहिलेपणाचा मान आहे. सर्वोच्च न्यायालयानें ९ मार्च २०१८ रोजीं, उपचार कोठें थांबवावे हें आधींच लिहून ठेवण्याची मुभा दिली, आणि २०२३ सालीं तिची रीत सोपी केली. आतां दोन साक्षीदारांच्या सह्या व नोटरीचा किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का पुरतो. तो निकाल झोंपेविषयीं नाहीं हें खरें. पण आपणांस अखेरीस शुद्ध हवी कीं झोंप, आणि तें कोणास सांगावें, या दोन ओळी त्याच कागदावर लिहिण्यास कोणाची हरकत असण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.