टायटॅनियम डायऑक्साइड नॅनोकणांचा पृष्ठभाग : वर्णपटीय पुराव्याची चिकित्सा

टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युत् अग्रावर प्रकाशाच्या साहाय्याने पाण्याचे विघटन होते, हे फुजिशिमा व होंडा यांनी १९७२ मध्ये दाखविले. तेव्हापासून या पदार्थाच्या पृष्ठभागाचे संशोधन सातत्याने होत आले आहे. मात्र त्याच्या नॅनोकणांवरील अनेक शोधनिबंधांत क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटातील सुमारे ५३१.५ इलेक्ट्रॉन व्होल्टचे शिखर थेट ऑक्सिजनच्या रिक्त जागांचा पुरावा मानले जाते. हे अनुमान सदोष आहे. जो अणू जागेवरच नाही, त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडू शकत नाही. उलट, हवेत हाताळलेल्या कणांवर हायड्रॉक्सिल गट व कार्बनयुक्त अशुद्धी असतातच. त्यांतील ऑक्सिजनचे संकेत याच परिसरात येतात.

रिक्त जागेमुळे मागे राहिलेले इलेक्ट्रॉन टायटॅनियमला त्रिसंयुजी करू शकतात. त्याची खूण टायटॅनियमच्या वर्णपटात ४५७ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास शोधावी लागते व ईएसआर तंत्राने पडताळावी लागते. रामन वर्णपटातील १४४ प्रति सेंमी. ही रेषा अ‍ॅनाटेज रूपाची ओळख पटविते. पृष्ठभागाची रासायनिक अवस्था त्यावरून ठरत नाही.

प्रकाश-उत्प्रेरकाच्या वाढीव कार्यक्षमतेचे श्रेय रिक्त जागांना देण्यापूर्वी किमान दोन स्वतंत्र तंत्रांची साक्ष आवश्यक ठरते. अन्यथा पृष्ठभागावरील ओलावाच नवा गुणधर्म म्हणून नोंदविला जाण्याचा धोका राहतो.