कराताएव आणि बहिणाबाई : सोशिकतेचे दोन अर्थ

रशियन राष्ट्रीय चारित्र्याची चर्चा निघाली की टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’ (१८६५-६९) मधील प्लातोन कराताएव या शेतकरी-शिपायाचा दाखला हमखास दिला जातो. सोशिकता, ईश्वरनिष्ठा आणि सर्वांविषयी सारखीच माया ही रशियन लोकमानसाची मूल्ये त्याच्या ठायी एकवटली आहेत, असे मानले जाते. परक्याच्या राईत लाकूड तोडल्याची शिक्षा म्हणून तो सैन्यात येतो. आपण गेलो नसतो तर लेकुरवाळ्या धाकट्या भावाला जावे लागले असते, तेव्हा झाले ते बरेच झाले, असे तो मानतो. फ्रेंचांच्या कैदेत पिएर या उमरावाला त्याच्यामुळे जगण्याचे बळ मिळते. पुढे चालवेनासे झाल्यावर कराताएवला गोळी घातली जाते. पिएर मागे वळून पाहत नाही.

कराताएव वाचकाला दिसतो तो मुख्यतः पिएरच्या नजरेतून. स्वतःचेच बोलणे त्याला पुन्हा जसेच्या तसे सांगता येत नाही, असेही टॉलस्टॉय नमूद करतो. मग ही सोशिकता शेतकऱ्याचे मूल्य मानावी, की आत्मशोधात निघालेल्या उमरावाची गरज?

टॉलस्टॉयलाही पुढे हा पेच जाणवला असावा. ‘कला म्हणजे काय?’ या ग्रंथात त्याने कष्टकऱ्याला न भिडणारी कला नाकारली आणि दोन छोट्या कथा वगळता स्वतःचे ललित लेखनही त्या कसोटीवर बाद ठरवले. हा ग्रंथ मराठीत आणला तो अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी. (१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने उतरून घेणारा हातही त्यांचाच. दुसऱ्याचा शब्द जपण्याचे शील त्या हाताला होते.)

टॉलस्टॉयच्या या कसोटीला उतरणारी कविता खानदेशातच, जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) रचत होत्या. त्या निरक्षर होत्या. ऐन तारुण्यात वैधव्य आले, शेतीचे कष्ट चुकले नाहीत. त्यांची गाणी सोपानदेवांच्या प्रयत्नाने १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. येथेही लेखणी दुसऱ्याची आहे. परंतु बोलणारा ‘मी’ शेतकरी स्त्रीचा स्वतःचा आहे. कादंबरीतील पात्र आणि प्रत्यक्ष कवयित्री यांची तुलना सरसकट करता येणार नाही, हे खरे. तरीही सोशिकतेचा अर्थ बोलणाऱ्यागणिक कसा बदलतो, हे तीतून स्पष्ट होते. बहिणाबाई दुःख सोसतात, पण झाले ते बरेच झाले असे म्हणत नाहीत. भविष्य सांगू पाहणाऱ्या ज्योतिषाला त्या दारातूनच परत पाठवतात आणि भरवसा ठेवतात तो स्वतःच्या हातांवर. मनाच्या लहरीपणाची, माणसाच्या स्वार्थाची त्या खोडकर शब्दांत झाडाझडती घेतात.

२०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. वर्गात मात्र ‘सोशिक, भाविक, अशिक्षित तरी शहाणी’ अशी त्यांची ओळख अजूनही करून दिली जाते. ही ओळख कराताएवची आहे; ज्योतिषाला परत पाठवणारी बाई तीत बसत नाही.