हळदीतला लॅपटॉप

हळदीच्या मांडवात हल्ली कॅसिओच्या शेजारी लॅपटॉप असतो. (कंपनी कोणतीही असो, आपल्याकडे त्या वाद्याला कॅसिओच म्हणतात, जसे वनस्पती तुपाला डालडा.) लॅपटॉप आला म्हणजे वाजवणारा नुसता बटण दाबून तंबाखू मळत बसतो, अशी लोकांची समजूत. वडखळच्या एका हळदीत जे ऐकले त्यावरून माझे मत असे की, हे निम्मेच खरे आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल कोणीतरी लिहायला हवे, आणि संगीतसमीक्षक काही हळदीला येत नाहीत.

आधी थोडे यंत्रशास्त्र. घाबरू नका, मी कॉमर्सवाला. मला समजले म्हणजे कोणालाही समजेल. पट्टी दाबली की तारेतून आवाज जातच नाही. जाते ती एक चिठ्ठी: कितव्या नंबरची पट्टी, किती जोराने दाबली, कधी सोडली. या चिठ्ठीच्या भाषेला मिडी म्हणतात. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने १९८३ साली ती ठरली आणि निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू लागली. (बँकांना याहून बराच वेळ लागला.) ज्या ऑक्टोपॅडवर आपण जीव टाकतो, त्याच्या १९८५च्या पहिल्या अवताराला तर स्वतःचा आवाजच नव्हता. तो चिठ्ठ्या लिहायचा, आवाज दुसरेच यंत्र काढायचे. व्हाउचर मी लिहितो, पैसे कॅशियर देतो, तसे.

चिठ्ठी कोणत्या काउंटरला जायची, हे मात्र वाजवणाऱ्याने ठरवायचे. चॅनेल सोळा. लॅपटॉपमधल्या प्रत्येक वाद्याला बजावावे लागते की, बाबा रे, अमुक चॅनेलची चिठ्ठी तेवढी तुझी. वडखळ नाक्यावर नाही का, एक रस्ता अलिबागला, दुसरा नागोठण्यावरून थेट गोव्याकडे? आमच्या कलावंताने पट्ट्यांचा डावा भाग व्हायोलिनला आणि उजवा सनईला दिला होता. पण दोन्ही वाद्ये ‘सगळे चॅनेल’वर उघडी. सनई वाजवली की मागून व्हायोलिन हुंदके देई. पाठवणीला अजून एक दिवस होता!

खरी परीक्षा घेतली ती धवलारणीने. आगरी लग्नात धवला गाणाऱ्या बाईचा मान मोठा, आणि ती कोणाच्या तालासाठी खोळंबत नाही. पहिल्या धवल्याला पोराने आधी भरून ठेवलेला ठेका सोडला. बाईंनी एक ओळ लांबवली. ठेका ठरल्या वेळी पुढे निघून गेला. एसटी निदान हात केल्यावर थांबते. बाई गाणे तोडून म्हणाल्या, “पोरा, गायचं मी का तुझ्या मशीननं?”

पोराने ठेका बंद केला आणि हाताने वाजवू लागला. तर नवीनच फट दिसली. बोट पडते आता, आवाज निघतो मागाहून. लॅपटॉपचा बफर १०२४ असला, तर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने २३ मिलिसेकंद तिथेच जातात. आकडा फुटकळ, पण शेजारच्या ढोलकीवाल्याचे तोंड पाहायचे होतेत! १२८ केले की जेमतेम तीन उरतात, मात्र लॅपटॉपला धाप लागून आवाज तडतडतो. पोराने १२८ केले, तडतड सोसली. हा निर्णय मला त्याच्या सगळ्या वादनाहून मोठा वाटला. बाई जिथे श्वास घेत, तिथे त्याचा हात थांबू लागला. भरलेल्या ठेक्याला हे सात जन्मांत जमणार नाही.

सनईला मात्र मी पास करणार नाही. बोट उचलेपर्यंत ती एका दमात वाजत राहते. असा सनईवाला जिवंत कसा? पेटीवर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, अशा तक्रारींपायी आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती. त्या पेटीवाल्यांकडे सूर वाकवायचे चाक नव्हते. या पोराच्या कॅसिओला डाव्या हाताशी ते आहे. रात्रभर त्यावर त्याने रुमाल वाळत घातला होता.