अर्भकाच्या मलाचा नमुना आणि परिरक्षणाचा प्रश्न

अर्भकांच्या आतड्यांतील जीवाणूंसंबंधीचे निबंध वाचताना नमुना कसा राखला, ही माहिती बहुधा एका वाक्यात उरकलेली आढळते. निष्कर्षांची मदार मात्र बऱ्याच अंशी त्याच वाक्यावर असते.

नमुना तत्काळ उणे ८० अंश सेल्सिअसला गोठविणे, हा सर्वमान्य मानदंड होय. घरोघरी ते शक्य नसल्याने अल्कोहोल, क्षारद्रावणे ह्यांचा आश्रय केला जातो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात ९५ टक्के अल्कोहोल उपयुक्त, तर ७० टक्के अपुरे ठरले. ‘अल्कोहोलमध्ये राखले’ एवढेच लिहिणारा लेखक हा भेद पुसून टाकतो.

परंतु खरी अडचण ह्यापुढेच आहे. परिरक्षकाविना टपालाने गेलेल्या नमुन्यात काही जीवाणू वाटेतच वाढतात. एशेरिकिया व तिचे सगोत्र त्यांत अग्रभागी. २०१७ साली ‘अमेरिकन गट’ प्रकल्पाच्या अभ्यासकांनी असे जीवाणू हेरून ते गणनेतून वगळण्याचा उपाय मांडला. प्रौढांच्या आतड्यांत त्यांचा वाटा सामान्यतः अल्प असल्याने तेथे हा उपाय ग्राह्य मानता येईल. नवजात बालकात मात्र हेच जीवाणू आरंभीचे रहिवासी असतात. त्यांना वगळावे तर खरा रहिवासी जातो. ठेवावे तर वाटेत वाढलेलाही रहिवासी ठरतो. पोथीतील नकलकाराचा प्रमाद आणि संभाव्य मूळ पाठ एकाच रूपाचे निघावेत, तशी ही अवस्था आहे. तेथे निदान दुसरी पोथी तरी धुंडाळता येते.

हा वाद केवळ तांत्रिक नव्हे. ब्रिटनमधील ५९६ बालकांच्या २०१९ मधील अभ्यासात शस्त्रक्रियेने जन्मलेल्यांत क्लेब्सिएला, एन्टरोबॅक्टर आदी जीवाणू अधिक आढळले. हे एशेरिकियाचे सगोत्रच. आता अन्य एखाद्या संशोधनात शस्त्रक्रियेच्या गटाचे नमुने इस्पितळातच गोठविले गेले आणि स्वाभाविक प्रसूतीच्या गटाचे घरून दोन दिवसांनी पोचले, अशी कल्पना करावी. दुसऱ्या गटातील वाटेतली वाढ मूळ फरक झाकून टाकील. उलट घडल्यास तोच फरक फुगून दिसेल. म्हणून उभय गटांस एकच पद्धत हवी आणि मलविसर्जनापासून परिरक्षणापर्यंतचा काळ प्रत्येक नमुन्यापुढे तासांत नोंदविला पाहिजे. काही नमुने विभागून अर्धा भाग लगेच गोठवावा, हे सांगणे सोपे. लंगोटातून खरवडलेला पातळ मल पुष्कळदा दोन भागांस पुरतही नाही.

शिवाय बिफिडोबॅक्टेरियम जिवंत वाढवावयाचे असेल तर अल्कोहोलचा मार्ग मुळातच बंद आहे. तेव्हा कोणत्या प्रश्नासाठी नमुना घेत आहोत, हे कुपी भरण्याआधीच ठरवावे लागते.