भोंगा कुठून आणलास?

समीक्षक म्हटलं की आपल्याला खुर्ची, चष्मा नि विद्यापीठ आठवतं. मी ज्याला समीक्षक मानतो तो सतरंजीवर बसतो. 6 डिसेंबरला शिवाजी पार्कात, एरवी आमच्या एस. टी. स्टँडबाहेर पुस्तकं विकतो. आम्ही पोरं त्याला मामा म्हणतो. शाळा सातवीत सुटली. पण नेम एकच: वाचल्याबिगर विकायचं नाही. गिऱ्हाईक नसलं की पुस्तक उघडायचं, आलं की दोरा घालून मिटायचं.

म्हणून त्याला बेबीताई कांबळे घरच्या वाटतात. फलटणला आपल्या छोट्या दुकानात बसून त्या पुड्या बांधायच्या रद्दीतले पेपर वाचायच्या. लिहिलेलं वर्षानुवर्षं नवऱ्यापासून लपवलं. 1986 साली त्याचं 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. मामा म्हणतो, "गावानं आपलं काय केलं हे खूप जणांनी लिहिलं. आपण घरात बाईचं काय केलं, ते या बाईनं लिहिलं. हे पुस्तक मी पोरांच्या हातात आधी देतो."

नव्या पुस्तकांवरनं आमचं भांडण होतं. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'सनातन'ला 2020 चा सरस्वती सन्मान मिळाला. मामाला 1984 चं 'अक्करमाशी'च जवळचं. म्हणतो, "तिथं एक भुकेला पोरगा बोलतो. इथं सगळा समाज बोलतो, म्हणून माणूस लांब जातो." मला हे पटत नाही. एकट्याची भूक सांगून झाली की तिची साखळी कुठवर जाते तेही सांगावं लागतं. त्याला लांबूनच बघावं लागतं.

एकदा मी माझी कवितांची वही त्याला दिली. दोन दिवसांनी परत आली. एका शब्दाखाली पेन्सिलीची रेघ. "भोंगा कुठून आणलास?"

मी गप्प. आमच्या सूतगिरणीत भोंगा नाहीच. दारावर अंगठा लावायचं मशीन आहे. आत रिंगफ्रेमवर तुटलेला धागा सांधत आठ तास फिरायचं, पगार ठेकेदाराच्या हातून. भोंगा मी जुन्या कवितांतून उचलला. तो मुंबईच्या गिरण्यांचा. 1982 च्या संपानंतर एकेक करून त्या बंद पडल्या. ढसाळांनी 1972 च्या 'गोलपिठा'त पायाखालची मुंबई लिहिली. मी त्यांचा राग उसना घेतला नि विद्रोह केला म्हणून मिरवलो.

मामा म्हणाला, "तुझ्या आज्यानं अंगठा दिला, कारण त्याला अक्षर येत नव्हतं. तू कवी, तरी रोज अंगठा देतोस. हे कोण लिहिणार?"

दोस्तहो, अशी समीक्षा मला कुठल्या मासिकात मिळाली नाही.

पण मीही त्याला सोडलं नाही. त्याच्या सतरंजीवर पुढं सगळी जुनी नावं, नव्या पोरांचे पातळ कवितासंग्रह मागं. म्हणे, खपत नाहीत. मी म्हटलं, "आजचं लिही म्हणतोस नि मांडतोस कालचं. मग आजचं वाचणार कोण?" मामा बोलला नाही. पुढच्या रविवारी दोन पातळ संग्रह पहिल्या रांगेत होते.

आता सवाल तुम्हाला. दर 6 डिसेंबरला आपण पिशव्या भरून पुस्तकं घरी नेतो. त्यातली किती उघडतो? मी वहीतला भोंगा खोडलाय. अंगठ्याची कविता अजून जमलेली नाही. जमली की आधी सतरंजीवर जाईल.

जय भीम.