मुलाकातीचा दिवस : महामारीतले वृद्ध मनोरुग्ण आणि आपले लेखन

महामारीवर आपण काय लिहिले याचा धांडोळा घ्यायचा, असे आमच्या साखरखेर्ड्याच्या वाचक बैठकीत ठरले. टाळेबंदीच्या काळावर आपल्या मुस्लिम मराठी लेखकांनी लिहिलेल्या कथा-कविता, जितक्या हाती लागल्या तितक्या, आम्ही वाचून काढल्या. त्यांत पायी निघालेले मजूर आहेत, ऑक्सिजनसाठीची धावाधाव आहे, परक्याची मय्यत आपली मानून खांदा देणारी मोहल्ल्यातली पोरे आहेत. निजामुद्दीन मरकजच्या निमित्ताने साऱ्या समाजावर उडालेला चिखल तर पानोपानी आहे. तो असायलाच हवा. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि या माणसांना बळीचा बकरा केले गेले असावे, असेही म्हटले. पण तोवर भाजीवाल्याला नाव विचारून परत पाठवण्याचे प्रकार होऊन गेले होते. त्यावर आपण लिहिले नसते तर कोणी लिहिले असते?

एका माणसाला मात्र या लेखनात जागा मिळालेली नाही. तो घराच्या आतल्या खोलीत होता. साठी-सत्तरी ओलांडलेला, आणि कोरोना येण्याच्या कितीतरी आधीपासून मनाने आजारी असलेला. कोणाला उदासीने धरलेले, कोणाला संशयाने, कोणाचे विसरणे इतके वाढलेले की पोटच्या मुलाला तो सलाम करून 'आपण कोण?' विचारतो. असा माणूस आपल्याकडे घरोघरी नसला तरी गल्लोगल्ली आहे. देशात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अभ्यासकांचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. यात उदासी आणि संशयाचे आजार धरलेले नाहीत.

अगदीच आलेला नाही असे नाही. तो प्रतीक म्हणून येतो. रिकाम्या रस्त्यावर एखादी वेडी म्हातारी हसत उभी असते आणि कवी आपल्याला सांगतो की शहाणे जग तिच्यापेक्षा वेडे झाले आहे. ही कल्पना आता इतकी झिजली आहे की ती म्हातारी कोणाची कोण, तिच्या गोळ्या केव्हा संपल्या, हे विचारायचे कवीला सुचत नाही. कथेत हाच माणूस आला तर त्याच्या वेडाचा दोष सुनेवर जातो. ही खोड आपली एकट्यांची नव्हे, ती मराठीचीच आहे. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या 'नटसम्राट'ने म्हातारपणीचे सैरभैर होणे हे मुलांच्या कृतघ्नपणाचे फळ म्हणून असे काही मनावर बिंबवले, की आजाराला आजार म्हणण्याची सोयच उरली नाही. नाटक मोठे आहे, यात वाद नाही. पण त्याच्या सावलीत लिहिणाऱ्याला डॉक्टरची चिठ्ठी दिसत नाही, फक्त सुनेचा चेहरा दिसतो. आणि महामारीत त्या म्हाताऱ्याचे मलमूत्र काढणारी बहुतेक घरांत तीच होती!

मग आम्ही मागे वळून उर्दूकडे गेलो. राजिंदर सिंग बेदींची 'क्वारंटीन' ही प्लेगवरची कथा अनेकांच्या वाचनात असेल. प्लेगपेक्षाही लोक क्वारंटीनला जास्त घाबरत होते, हे तिचे मर्म आणि २०२० साली आमच्या भागात आम्ही ते डोळ्यांनी पाहिले. खोकला लपवला जाई. म्हाताऱ्याला नेतील, परत आणणार नाहीत, ही भीती शहाण्यासुरत्या घरांतही होती. पण बेदींचा भागू झाडूवाला हा धडधाकट, सेवाभावी माणूस आहे. आम्हाला हवा होता तो आजारी मनाचा माणूस मंटोकडे सापडला. 'टोबा टेक सिंग'मधला बिशन सिंग.

ही कथा आपण फाळणीची म्हणून वाचतो. दोन देशांच्या मध्ये, कोणाच्याच नसलेल्या जमिनीवर कोसळलेला माणूस, या शेवटावरच शाळा-कॉलेजांतून व्याख्याने होतात. आम्हीही तशीच वाचत आलो. या वेळी मात्र आमची नजर अलीकडच्या एका साध्या तपशिलावर अडली. पंधरा वर्षे पागलखान्यात काढलेल्या बिशन सिंगला दिवस-महिन्याचे भान नाही. तरी घरची माणसे मुलाकातीला यायची असली की त्याला आपोआप कळते. त्या दिवशी तो नीट अंघोळ करतो, केसांना तेल लावतो, बरे कपडे घालतो. भेटायला येणारी मुलगी बापासमोर रडत रडत लहानाची मोठी झाली आहे. पुढे गडबड सुरू होते, भेटी थांबतात, आणि ते येणार आहेत हे सांगणारा त्याच्या आतला आवाजही बंद पडतो. मंटोने यावर एक शब्दाचे भाष्य केलेले नाही. आजारी मन कशाच्या आधाराने उभे असते, हे मात्र त्याने अंघोळ, तेल आणि कपडे एवढ्यावर सांगून टाकले आहे.

महामारीत नेमके हेच तुटले. आमच्या मोहल्ल्यातले एक निवृत्त मास्तर चाळीस वर्षे फजरला मशिदीत जाणारे. विसरभोळेपणा वाढला तरी पाय वाट विसरले नव्हते. टाळेबंदीत ते रोज कुलपापर्यंत जात आणि घरी येऊन विचारत, 'आज अजान झाली नाही का?' धर्मस्थळे १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली, ती ७ ऑक्टोबरला उघडली. निरोगी माणसाने ही उघडझाप सोसली. मास्तरांना दुसऱ्यांदा मशिदीची वाट सापडली नाही. रोजचा क्रम हाच अशा रुग्णाचा अर्धा इलाज असतो, असे डॉक्टर सांगतात. कथाकाराला हे डॉक्टरकडून कळायची गरज पडू नये.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे आणि तिथे आपल्या लेखकांची खरी कसोटी होती. संशयाचा आजार असलेल्या म्हाताऱ्याला वाटते की आपल्याला कोणी उचलून नेणार, जेवणात काही घालणार, मेल्यावर आपली माती होऊ देणार नाहीत. एरवी घरचे म्हणतात, 'अब्बा, असं काही नाही.' पण ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेचे परिपत्रक निघाले, की कोरोनाने मेलेल्या प्रत्येकाचे दहनच होईल, मग धर्म कोणताही असो. ते त्याच दिवशी मागे घेतले गेले. तरी बातमी मोबाईलवरून आमच्या खेड्यापर्यंत आली ती आलीच. आता घरच्यांनी काय सांगायचे? भ्रम आणि बातमी एकाच भाषेत बोलू लागली. समाजावरचा अन्याय आणि मनाचा आजार जिथे एकमेकांत मिसळतात ती ही जागा, आणि ती आपल्याइतक्या जवळून दुसऱ्या कोणी पाहिलेली नाही. तरी एकाही कथेने तिला हात घातलेला आम्हाला आढळला नाही. आपण अन्यायाची बाजू लिहिली, आजाराची झाकली. लोक हसतील, मुलींची लग्ने अडतील, हे त्यामागचे कारण. ते आम्हाला कळते, पण लेखकाला ते कारण चालू नये.

मराठीत चांगले उदाहरण नाही असे नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' चित्रपटातले संस्कृतचे पंडित हत्तीच्या मागे निघून जातात, आणि माहुताची बायको त्यांना लेकरासारखे सांभाळते. तिथे आजाराला आजार म्हटले आहे, मुलीच्या थकव्यालाही जागा आहे. आमची तक्रार एवढीच, की त्या दयेला मोकळा रस्ता लागतो. रस्ते बंद असताना चार भिंतींत ती दया कशी टिकते, हे लिहायचे राहिले.

आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्याला तर या विषयाकडे पाठ फिरवायची सोयच नाही. सैलानी आपल्याच जिल्ह्यात. मनाने आजारी माणसाला सर्व धर्मांचे लोक तिथे आणतात. २०२० ची होळीची यात्रा कोरोनामुळे रद्द झाली. दर्ग्यावर नेऊन आजार बरा होतो असे आम्ही म्हणत नाही. तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडाने बांधलेले २८ रुग्ण आगीत जळून मेले, ते विसरण्यासारखे नाही, आणि २०१७ च्या कायद्याने साखळी बांधणे गुन्हा ठरवले ते योग्यच झाले. पण साखळी चूक म्हणजे तिथवरचा प्रवास, बरोबर बांधून घेतलेल्या भाकऱ्या, इतर रुग्णांच्या घरच्यांशी झालेले बोलणे, हेही चूक असे नव्हे. तो आधार गेला तेव्हा त्याच्या जागी काय होते? सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आम्हाला नागपूरला. फोनवरून सल्ला देण्याची नियमावली २५ मार्च २०२० ला आली खरी. पण ज्याला फोनमधला आवाजच छळतो त्याने फोन कानाला कसा लावायचा?

साखरखेर्ड्याचे नाव इतिहासात १७२४ च्या लढाईमुळे आहे. निजाम-उल-मुल्कने इथे मुबारिजखानाला हरवले आणि गावाला फत्तेखेर्डा म्हटले गेले. आमचे गावकरी लेखक त्या लढाईवर हौसेने लिहितात. घरातल्या लढाईवर लिहा म्हटले की विषय बदलतात.

बैठकीत मंटोचे ते पान वाचून झाल्यावर मागे बसलेल्या एका बाई बोलल्या. सासऱ्यांना त्यांनी दोन्ही लाटांत एकटीने सांभाळले. म्हणाल्या, 'आमच्या अब्बांनी सात महिने नखं कापू दिली नाहीत. हे लिहिण्यासारखं असतं का?' आम्ही लिहा म्हटले. त्यांनी दोन पाने आणून दिली. पहिल्या पानावर नखांची हकीकत आहे. दुसऱ्यावर फक्त गोळ्यांची नावे, वेळा आणि तारखा. चार ठिकाणी तारखेपुढे 'संपली' लिहिले आहे, आणि एका ठिकाणी 'अर्धी दिली'.