अभिप्रायवहीत लिहिणं आणि चित्र विकत घेणं



आयोजकांनी मला विषय दिला, ‘नवोदित स्थानिक चित्रकार आणि नवा संग्राहक’. मी फोनवर म्हटलं, अहो, मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, माझ्याकडे संग्रह म्हणाल तर अकरा चित्रं आणि तीन छापचित्रं. ते म्हणाले, तेवढी पुरेत, ज्यांच्याकडे शंभर आहेत ते बोलायला येत नाहीत. (हशा) तेव्हा आज जे बोलणार आहे ते उशिरा सुरुवात केलेल्या माणसाचं बोलणं आहे. साठी उलटल्यावर मी पहिलं चित्र विकत घेतलं. त्याआधी चाळीस वर्षं नुसती पाहिली. ती चाळीस वर्षं मी का घेतलं नाही, याचीच चिकित्सा आज करायची आहे.

आधी दोन शब्दांची झाडाझडती घेऊ. पहिला शब्द ‘शोध’. अमक्याने तमक्या तरुण चित्रकाराला शोधून काढलं, असं आपण म्हणतो. जणू तो हरवला होता! तो हरवलेला नसतो. राजारामपुरीतल्या भाड्याच्या खोलीत असतो, सकाळी शाळेत चित्रकला शिकवतो, दुपारी गणपतीचे डोळे आखतो, रात्री स्वतःचं काम करतो. त्याचा पत्ता त्याच्या दूधवाल्याला ठाऊक असतो. आपल्याला नसतो, कारण आपण गेलेलो नसतो.

दुसरा शब्द ‘आश्रय’. हा शब्द या गावाला फार प्रिय आहे, आणि तो उगाच आलेला नाही. राजर्षी शाहूंनी अबालाल रहिमान यांना दरबारात जागा दिली. मुंबईला जे. जे. मध्ये शिकून हा माणूस कोल्हापुरात परतला आणि इथल्या तळ्यांवरचा, माळांवरचा उजेड रंगवत राहिला. टाऊन हॉलच्या संग्रहालयात जाऊन बघा, वहीच्या पानापेक्षा लहान कागदावर या माणसाने केवढं आभाळ मावून दाखवलंय. आता पुढची गोष्ट. 1922 मध्ये महाराज गेले, आणि ती बातमी ऐकून अबालाल यांनी आपली कित्येक चित्रं कोटितीर्थाच्या तळ्यात बुडवली, असं सांगतात. आपण ही गोष्ट भक्तीची म्हणून सांगतो आणि डोळे पुसतो. मी ती वेगळी ऐकतो. ज्या गावात चित्र बघणारा आणि घेणारा मिळून माणूस एकच होता, त्या गावात तो माणूस गेल्यावर चित्रांनी जायचं कुठे? राजाला मी काही नावं ठेवत नाही. त्याने त्याचं केलं. उरलेल्या गावाचं काय? वकील, डॉक्टर, व्यापारी, माझ्यासारखे पगारी मास्तर, यांच्या भिंती तेव्हा मोकळ्या होत्या, आणि कलापूर म्हणून पाट्या लावूनही आजही बऱ्याचशा मोकळ्याच आहेत. किंवा तिथे छापील धबधबा आहे.

आता माझ्याकडे येतो. माझा प्रबंध कांटच्या सौंदर्यविचारावर होता. 1790 चं त्याचं पुस्तक मी तीस वर्षं शिकवलं. त्यात सुरुवातीलाच तो एका राजवाड्याचं उदाहरण देतो. वाडा सुंदर आहे का, असं विचारल्यावर कुणी म्हणेल, असले डौल गरिबांच्या घामातून उभे राहतात. कुणी म्हणेल, मला एवढ्या वाड्याची गरजच नाही. कांट म्हणतो, सगळं कबूल, पण प्रश्न तो नाही. नुसतं पाहताना आनंद होतो का, एवढंच सांगा. वस्तू आपल्याला हवी आहे की नको, इतकंच काय, ती अस्तित्वात असण्यात आपला काही हितसंबंध आहे का, हे सगळं बाजूला ठेवायचं. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’मुळे हा विचार मराठीत नीट रुजला, आणि आमची पिढी त्याच्यावर पोसली.

विचार खोल आहे, आजही मी तो मोडीत काढणार नाही. पण बघा मी त्याचं काय केलं! प्रदर्शनात जायचं, हात मागे बांधून हिंडायचं, आणि कुणी किमतींची यादी पुढे केली की मनात म्हणायचं, आपल्याला मालकीची हाव नाही, आपण शुद्ध रसिक. केवढी सोय झाली! खिशात हात घालायचा नाही, आणि वर तत्त्वज्ञान आपल्या बाजूने.

हे सगळं मृत चित्रकाराच्या बाबतीत खपतं. संग्रहालयातलं चित्र मी पाहिलं काय, न पाहिलं काय, ते तिथेच असणार. पण तिशीतल्या चित्रकाराचं तिसरं प्रदर्शन आपण पाहतो, तेव्हा भिंतीवरच्या वीस चित्रांच्या मागे न काढलेली शंभर चित्रं उभी असतात. ती अस्तित्वात येणार की नाहीत, हे त्या आठवड्यात लाल टिकल्या किती लागतात यावर ठरतं. सगळं त्यावरच ठरतं असं नाही, पण पुष्कळसं ठरतं. अशा वेळी ‘वस्तूच्या अस्तित्वाशी मला कर्तव्य नाही’ हे वाक्य तटस्थ राहत नाही. ते त्या न काढलेल्या चित्रांच्या विरोधातलं मत होतं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. कसं कळलं ते सांगतो, आणि नाव सांगणार नाही.

एक तरुण गुऱ्हाळघरं रंगवायचा. त्याच्या आजोबांचं आयुष्य चुलवाणापुढे गेलेलं. गुऱ्हाळ म्हटलं की आपल्याकडे काय काढतात? गुळाच्या ढेपा, बैल, रंगीत मुंडासं. याच्या चित्रात यातलं काही नव्हतं. काहिलीवरची वाफ, आणि त्या वाफेत खालून येणारा जाळाचा उजेड. माणूस कुठे आहे हे शोधावं लागायचं. मग एक कोपर दिसायचं, किंवा वाकलेल्या पाठीचा काळा डाग. काळा रंग तर असा, की काजळी धरलेलं छप्पर हाताला लागेल. पहिल्या प्रदर्शनात वाफ नुसती पांढऱ्या रंगाने लिंपलेली होती. तिसऱ्यात त्याने पांढरा जवळजवळ टाकून दिला, आणि वाफ दिसायला लागली. असा बदल शिकवून येत नाही.

मी त्याच्या चारही प्रदर्शनांना गेलो. 2006, 2008, 2011, 2014. चारही वेळा दाराशी ठेवलेल्या अभिप्रायवहीत लिहिलं. नुसतं ‘छान, शुभेच्छा’ नव्हे हो. पान पान लिहिलं. वाफ आणि द्रव्य, दृश्य आणि अदृश्य, असं बरंच काही. तो उभा राहून वाचायचा, आणि त्याचे डोळे भरून यायचे. यादीवर किमती चार हजार, सहा हजार, आठ हजार. मला तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनश्रेणीतला पगार होता, आणि शेवटच्या प्रदर्शनाच्या वेळी पेन्शन.

2014 नंतर त्याचं प्रदर्शन झालं नाही. मीही चौकशी केली नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने काय केलं ते तुम्ही पाहिलंय. पूर ओसरल्यावर आमच्या एका कार्यक्रमाचा फलक करायला मी फ्लेक्सच्या दुकानात गेलो, तर संगणकावर हाच बसलेला. चिखल अजून काढत होते. मी विचारलं, अरे, ती गुऱ्हाळं कुठायत? म्हणाला, तळमजल्यावर होती सर, चार दिवस पाण्यात. कॅनव्हास फुगले, रंग पापुद्र्यांनी सुटला. बावीस होती. एक बहिणीकडे माडीवर होतं, ते राहिलं.

मग म्हणाला, “तुमच्या अभिप्रायांच्या वह्या राहिल्यात सर. त्या कपाटात वर होत्या.”

त्याने टोमणा म्हणून म्हटलं नाही. त्याला खरंच बरं वाटत होतं, निदान वह्या वाचल्या म्हणून. मी मात्र घरी येऊन बराच वेळ बसून राहिलो. बावीसमधलं एक जरी माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या भिंतीवर असतं तर ते आज असतं. आणखी दहाजणांनी एकेक नेलं असतं तर निम्मी असती. आपण ‘संग्रह’ म्हणजे एका जागी गोळा करणं समजतो. चित्रकाराच्या बाजूने पाहिलं तर ती पांगापांग आहे. त्याचं काम एका तळमजल्यावर न राहता दहा घरांत पसरतं.

बहिणीकडचं ते चित्र मी घेतलं. त्याने 2011 च्या यादीतली किंमत सांगितली, सहा हजार. मी जास्त द्यायला निघालो तर म्हणाला, “मदत नको सर. किंमत द्या.” नवोदितांना ‘प्रोत्साहन’ देणाऱ्यांपैकी कितीजणांना यातला फरक कळतो? मदत घेणाऱ्याकडे पाहून करतात. किंमत चित्राकडे पाहून देतात.

बरं, आता व्यवहाराचं थोडं. कुठे जायचं? दळवीज, कलानिकेतन, अशा आपल्या कलासंस्थांची वार्षिक प्रदर्शनं असतात, तिथे आधी जा. शाहू स्मारकच्या दालनात वर्षभर काही ना काही लावलेलं असतं. उद्घाटनाला जाऊ नका, तिथे चित्रं दिसत नाहीत, पाहुण्यांच्या पाठी दिसतात. बुधवारी दुपारी जा. चित्रकार एकटा डबा खात बसलेला असतो. त्याला म्हणा, स्केचबुक दाखवाल का.

काय बघायचं, हे मात्र थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे आपलं गाव फसतं. आपल्याकडे जलरंगाचा हात फार तयार आहे. घाट, देवळं, पाण्यातलं प्रतिबिंब, सकाळचं धुकं. प्रात्यक्षिकात तासाभरात चित्र उभं राहतं आणि टाळ्या पडतात. त्या हाताबद्दल मला आदर आहे. पण तो हात शंभर जणांकडे आहे, आणि पंचगंगेचा घाट सगळ्यांचा एकच दिसतो. तेव्हा जमलेल्या चित्रापाशी थांबू नका. फसलेलं शोधा. वीस चित्रांत एखादं असं असतं की त्यात हात अडखळलाय, कारण डोळ्याला जे दिसलं ते आधी शिकलेल्या युक्तीत बसेना. तिथे विचारा, हे असं का केलं? उत्तर नीट देता आलं नाही तरी चालेल, चित्रकाराने तोंडाने बोलायचं कुठे ठरलंय. पण पुढच्या वर्षी पुन्हा जाऊन बघा, तो त्या अडचणीशी अजून झगडतोय की सोडून सोप्या घाटाकडे परतलाय. माझ्याकडचं सगळ्यात आवडतं चित्र असंच अर्धं फसलेलं आहे. पाहुणे त्याच्याविषयी काही बोलत नाहीत, चहा पितात. (हशा)

पैसे बेताचे असतील तर छापचित्रं घ्या. लिनोकट, एचिंग, लिथोग्राफ. खाली पेन्सिलीने 3/15 असं लिहिलेलं असतं, म्हणजे पंधरा प्रतींतली तिसरी. ती झेरॉक्स नव्हे, प्रत्येक प्रत चित्रकाराच्या ठशातून निघालेली अस्सल प्रत असते. पावती मागा, तिच्यावर चित्राचं नाव, वर्ष, माध्यम लिहून घ्या. घासाघीस करू नका. एकदम जमत नसेल तर तीन हप्ते करू का विचारा, बहुतेक जण हो म्हणतात. गॅलरीतून घेत असाल तर किमतीतला तिसरा हिस्सा, कधी निम्मा, गॅलरीचा असतो, हे लक्षात ठेवा. म्हणून गॅलरीत बघून मागच्या दाराने चित्रकाराकडून स्वस्तात मागणं ही हुशारी नव्हे, त्याने त्या गॅलरीचं दार त्याला कायमचं बंद होतं. आणि आपला पावसाळा! कागदावरचं चित्र बाहेरच्या भिंतीला लावू नका, भिंत ओल धरते, काचेआड बुरशी येते. फ्रेमवाल्याला सांगा की माउंट आम्लविरहित हवा आणि काच कागदाला चिकटता कामा नये.

शेवटी तो प्रश्न, जो कुणीतरी विचारणारच: याची किंमत पुढे वाढेल का? 2013 मध्ये मुंबईतल्या लिलावात गायतोंड्यांचं एक चित्र 23 कोटी 70 लाखांना गेलं. ते स्वतः 2001 मध्येच वारले होते. पुनर्विक्रीत मूळ चित्रकाराला वाटा मागता येतो, दहा टक्क्यांपर्यंत, अशी तरतूद आपल्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने आली आहे, पण हे आकडे मोठे व्हायला लागतात तेव्हा चित्रकार बहुधा तिथे नसतो. म्हणून मला भाभांचं उदाहरण जास्त आवडतं. होमी भाभांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी पन्नास-साठच्या दशकांत हुसेन, गायतोंडे यांची चित्रं घेतली, ती ते जगप्रसिद्ध व्हायच्या आधी. स्वतः भाभा चित्रं काढायचे, त्यामुळे बघता येत होतं. ती चित्रं शास्त्रज्ञांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर लागली. पुढे त्यांचं मोल अफाट झालं, पण घेताना हिशेब तो नव्हता. पडत्या किमतीचं चित्रही तुम्हाला रोज सकाळी बघवणार असेल, तर घ्या. नसेल तर ठेवा तिथेच, म्युच्युअल फंडाचा माणूस तुम्हाला चांगला सल्ला देईल.

गुऱ्हाळवाल्याचं सांगायचं राहिलं. दुकान चालूच आहे, पोरं शिकताहेत. मागच्या दिवाळीत त्याने एक लहान कागद आणून दाखवला, हातभरही नाही. पुरानंतरची भिंत, अर्ध्यापर्यंत ओली. वाफ रंगवायचा तसाच ओल रंगवलीय, पांढरा न वापरता. मी किंमत विचारली. म्हणाला, अजून ठरवली नाही सर, आणखी पाच-सहा होऊ देत. म्हणजे यादी निघणार आहे. निघाली की आयोजकांना कळवतो. त्यांनी इथे चिकटवावी, आणि तुमच्यातल्या दोघातिघांनी बुधवारी दुपारी जाऊन यावं.

प्रश्न असतील तर विचारा. पुढच्या रांगेतल्या बाईंचा हात मघापासून वर आहे.